हारामागचा पेन ड्राइव्ह

पेन ड्राइव्ह माझा होता आणि कॉम्प्युटरच्या मागे तो मीच लावला होता. हे कबूल करायला मला चार दिवस लागले.

पनवेलजवळच्या आमच्या गोदामाच्या ऑफिसात दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा मॅनेजर म्हणून मी करतो. आरत्या लावण्यासाठी मी तो मागे खोचला, वरून झेंडूचा हार सोडला आणि सगळ्यांना बजावलं, हा हार पुढच्या दसऱ्यापर्यंत कोणी काढायचा नाही. पेन ड्राइव्ह मात्र विसरलो.

दुसऱ्या दिवसापासून रिस्टार्ट दिला की स्क्रीन काळी पडायची आणि कॉम्प्युटर तिथेच अडकायचा. प्लग काढून परत लावला की चालायचा. तोवर फाटकावर ट्रेलर तुंबायचे. गेटपास काढणारी ऑपरेटर जवळच्याच नेरे गावची. ड्रायव्हरांसमोर मी तिच्यावर ओरडलो, "मॅडमना रील बघण्यापलीकडे काही येत नाही. काय काय भरून ठेवलंय यात?"

"मी काय भरला नाय," ती म्हणाली. "आनि सायबांना तर रीलपन लावता येत नाय."

ड्रायव्हर हसले. ते मला झोंबलं. मालकांचे कान भरून मी तिला कॉम्प्युटरवरून उठवलं आणि फाटकावर वहीत गाड्यांचे नंबर लिहायला बसवलं. नवीन ऑपरेटर मिळाली की हिला काढायचं, असंही ठरलं.

मग दुरुस्तीवाल्याने फोनवर सांगितलं, "मागचं एकेक काढा आणि रिस्टार्ट देऊन बघा." प्रिंटर काढला, तरी तेच. सुकलेला हार बाजूला केला तर खाली माझा पेन ड्राइव्ह. तो काढल्याबरोबर रिस्टार्ट सुरळीत झाला. त्या क्षणी मला वाईट वाटलं नाही. कोणी पाहिलं नाही ना, एवढंच मनात आलं. तो खिशात टाकून मी सांगितलं, दुरुस्तीवाल्याने नीट केला.

चार दिवस मी फाटकातून जाताना ती वहीतून मान वर करत नव्हती. पाचव्या दिवशी तिच्या जागेसाठी एक बाई मुलाखतीला आली. तेव्हा मी मालकांना सगळं सांगितलं आणि फाटकावर जाऊन तिला हळूच म्हणालो, "माझी चूक झाली."

"तवा सगल्यांसमोर ओरडलात," ती म्हणाली. "आता कानात का सांगता?"

ट्रेलरवाले खाली उतरून उभे होते. मी पेन ड्राइव्ह वर धरला आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "कॉम्प्युटर माझ्यामुळे अडकत होता. यांचा काही दोष नव्हता. कळल्यावरही मी लपवलं. मला माफ करा."