समाजाच्या कोठीतले हंडे

ती घटना आठवली की या वयातही माझे डोके तापते. नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी होती आणि मी शहरातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो.

सकाळची हजेरी चालू असताना एका समाजाचे पुढारी ठाण्यात आले. त्या काळी लग्नकार्याची मोठी भांडी समाजाच्या सामाईक कोठीत असत आणि किल्ली एखाद्या वजनदार माणसाकडे. हे गृहस्थ ते किल्लीवाले. कोठीचे कुलूप फोडून तांब्याचे हंडे आणि पितळी पराती नेल्या, अशी त्यांनी फिर्याद दिली. जाता जाता म्हणाले, "साहेब, स्टेशनजवळ एक बाई खाणावळ काढून राहिली. जरा तिकडं पाहा."

खबर पक्की निघाली. हंड्यांवर समाजाचे नाव ठोकलेले होते. पंचनामा केला, मुद्देमाल जप्त केला आणि बाईला भर बाजारातून ठाण्यात आणले. मागे बघ्यांची ही गर्दी! "चोरटी, चोरटी" म्हणत फिर्यादीचे भाऊबंद त्यात पुढे होते.

बाई विधवा, भंडाऱ्याकडची. पाटल्या मोडून तिने खाणावळीचा घाट घातला होता. चुली घातल्या, पाट, ताटवाट्या घेतल्या. नवे हंडे घ्यावेत तर किराण्याला काही उरत नव्हते, म्हणून ती जुन्या भांड्यांच्या शोधात होती.

"चोरीचा माल काहून घेतला, बाई?" मी विचारले.

"चोरीचा कसा, साहेब? यायनंच विकला मले," तिने समोर बसलेल्या फिर्यादीकडे बोट दाखवले. "म्हणे समाजानं नवी भांडी घेतली, जुनी काढून राहिलो. एवढ्या मोठ्या माणसाले पावती मागू काय?"

"खोटं बोलून राहिली," फिर्यादी शांतपणे म्हणाला. हवालदाराने मान डोलावली. वजनदार माणसाचे खोटेही लोकांना खरे वाटते.

मी तेच तेच विचारत राहिलो. भांडी कोणी आणली, कशात आणली, कशी होती? शेवटी ती वैतागली. "कशी असतीन? हळदीकुंकवाची बोटं लावलेली. हंड्यात पसाभर तांदूळ अन् सुपारी. तेच तांदूळ मी देवापुढं ठेवले."

मी लेखणी खाली ठेवली. आपल्याकडे रिकामे भांडे घराबाहेर देत नाहीत, हे खरे. पण कुलूप फोडून पळणारा चोर हंड्यात तांदूळ-सुपारी घालत बसेल काय? हे काम घरातल्या बाईचे.

फिर्यादीला शिपायाजवळ बसवून मी तडक त्याच्या घरी गेलो. त्याची बायको नुकतीच माहेराहून आली होती. चोरीची गोष्ट तिच्या कानावर नव्हती. हंड्यात तांदूळ कोणी घातले, असे विचारताच ती म्हणाली, "मीच जी. कोठीतून भांडी घरी आणली अन् कामठीच्या लग्नाले धाडून राहिलो म्हणाले हे. रिकामं भांडं दारातून कसं जाऊ द्याचं?"

ठाण्यात परत येऊन हे ऐकवले, तेव्हा त्या सभ्य चेहऱ्यावरचा रंग उडाला. भांडी बाईला विकून पैसे खिशात घालायचे, मग चोरीची बोंब ठोकून पोलिसांच्या हातून तीच भांडी कोठीत परत आणवायची. कुलूपही त्यानेच फोडले होते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

संध्याकाळी समाजाचे चार वडीलधारे धावत आले. "साहेब, आपसात मिटवा. समाजाची अब्रू जाईन." मी संतापून ओरडलो, "अन् त्या बाईची अब्रू कोणी नेली?"

पुढे त्याला शिक्षा झाली. वडीलधाऱ्यांनी बाईचे पैसे आणून तिच्यापुढे ठेवले. ती म्हणाली, "पैसे तं घेईनच, माह्या पाटल्यांचे हायेत. पण चोरटी म्हटलं ते चार लोकांत म्हटलं. आता तिथंच येऊन सांगा, का हे बाई चोर नाही."

ते हो म्हणाले. आले मात्र नाहीत. खाणावळ सुरू झाली त्या दिवशी मी वर्दीत जाऊन पहिल्या पंगतीला बसलो, तरी आजूबाजूचे पाट बराच वेळ रिकामेच होते. जेवण उत्तम होते.

चोर पकडला की न्याय झाला, असे मी तोवर समजत होतो. त्यानंतर निर्दोष ठरलेल्या एकाही माणसाला मी ठाण्याच्या दारातून एकटे घरी पाठवले नाही. ज्या रस्त्याने आणला, त्याच रस्त्याने, भर दुपारी, त्याच्या बरोबरीने चालत जाऊन घरी पोचवला.