अगं

त्या काकूंचं नाव विचारायला मला तोंडच उरलं नाही. कोपरीत मेंदूच्या डॉक्टरांकडे मी बाबांना घेऊन गेलेलो. शेजारी डोंबिवलीच्या या काकू नवऱ्याला घेऊन बसलेल्या. बाबांसारखाच काकांनाही पार्किन्सन. त्यांचा पायजमा ओला झालेला, वास येत होता. मी खुर्ची जरा सरकवली. काकूंनी ते पाहिलं. पिशवीतून धुतलेला पायजमा काढला आणि मांडीवर ठेवून त्यावरून हात फिरवत राहिल्या.

"लघवी आवरायची गोळी देत नाही का?" मी शहाणपणा केला. "बाबांची चादर महिनाभर अगदी कोरडी आहे."

"देत होते. हे कोरडे राहायचे, पण मला 'अहो बाई' म्हणायला लागले. गोळीनेच गोंधळतायत म्हणून डॉक्टरांनी ती बंद केली. आता कपडे भिजतात."

नवऱ्याने त्यांचा पदर ओढला. "अगं," ते म्हणाले.

"हे मात्र परत आलं," काकू म्हणाल्या.

मी मान खाली घातली. कोरड्या चादरीवर मी खूश होतो, बाकी सगळं आजारावर ढकललेलं.

तेवढ्यात आमचा नंबर आला. बाबांनी माझा हात धरला.

"अहो," ते मला म्हणाले, "तुमच्या घरचं कुणी आलं नाही का?"