रिकाम्या पोटी गोळी

बोल्ड कोणाला म्हणायचं आणि रूड कोणाला, हे मी अमरावतीच्या एका कॉलेजात बरीच वर्षं शिकवत आलो. फळ्यावर मधोमध रेघ मारायची. अलीकडं बोल्ड, फ्रँक, आउटस्पोकन. पलीकडं रूड, इन्सोलंट. पोरं विचारायची, सर, ओळखायचं कसं? मी सांगायचो, समोरच्याचा मान ठेवून खरं बोलला तर अलीकडं, मान तुडवून बोलला तर पलीकडं. आता ती रेघ मारताना हातातला खडू भिंतीवर फेकावासा वाटतो.

पुण्याची एक कंपनी आमच्याकडं मुलाखती घ्यायला आली होती. एक साहेब, एक मॅडम. लागलं सवरलं पाहायला मला मागच्या खुर्चीवर बसवलेलं. दुपार टळली तरी मॅडमचं ताट झाकलेलंच होतं आणि त्या कपाळ दाबत बसल्या होत्या. तेवढ्यात एक मुलगा आला, खुर्चीत रेलून बसला आणि पहिल्याच प्रश्नाला म्हणाला, हा फार जुना झाला, दुसरा विचारा. तो गेल्यावर साहेब खुशीत मॅडमना म्हणाले, बोल्ड आहे. मला तो आगाऊ वाटला होता.

त्याच्यामागून माझी विद्यार्थिनी आली. चांदूर बाजारजवळच्या खेड्यातून रोज एसटीनं येणारी. नोकरी लागली नाही तर उन्हाळ्यात लग्न उरकायचं, असं घरच्यांनी तिला बजावून ठेवलेलं. उत्तरं ती नीट देत होती. मध्येच मॅडमनी पर्समधून डोकेदुखीची गोळी काढली. पोरगी थांबली, एकदा झाकलेल्या ताटाकडं पाहिलं आणि इंग्रजीतच म्हणाली, "मॅडम, रिकाम्या पोटी गोळी कशाला घेता? अजून का नाही जेवल्या? आधी जेवा, मी बाहेर थांबते."

मला मागं बसल्या बसल्या हसू आलं. मी अकोल्याच्या जुन्या शहरात वाढलेला. आमच्याकडं पाहुण्याला आग्रह रागावूनच करतात. "एवढंच खाता काहून? घरून जेवून आले काय?" असं दरडावल्याशिवाय पाहुण्यालासुद्धा जेवल्यासारखं वाटत नाही. पोरीनं इंग्रजी बरोबर बोलता बोलता मॅडमना घरचं माणूस करून टाकलं होतं.

संध्याकाळी निकाल कळला. रेललेला मुलगा घेतला, ही नाही. मी कारण विचारलं. साहेब म्हणाले, "हुशार आहे, पण रूड आहे हो. मोठ्यांना जाब विचारते." मॅडम अजून कपाळच दाबत होत्या. ताट तोवर कोणीतरी उचलून नेलं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, तुमचा मान ठेवायला दिवसभरात एकच माणूस या खोलीत आलं, आणि तुम्ही त्यालाच हाकलता? तुमच्या प्रश्नाला तोंडावर जुना म्हणणारा चालतो, आणि जेवा म्हणणारी चालत नाही? कोणत्या शाळेत शिकलात तुम्ही इंग्रजी? माझा आवाज बाहेर व्हरांड्यापर्यंत गेला असणार, कारण शिपाई डोकावून गेला. हे बोलणं रेघेच्या पलीकडचं होतं, हे मला बोलतानाच कळत होतं. साहेब मात्र हसले. म्हणाले, "सर, तुम्ही फारच फ्रँक आहात बुवा," आणि माझ्यासाठी चहा मागवला. मी तो घेतला नाही. पुरुषानं आरडाओरडा केला तर फ्रँक, आणि खेड्यातल्या पोरीनं काळजी केली तर रूड. शब्द अर्थ बघून लावत नाहीत हे लोक, तोंड बघून लावतात.

पोरगी बाहेर थांबलीच होती. मी तिला सगळं खरं सांगितलं. ती रडली नाही. फक्त म्हणाली, "पण त्यायच्या पोटात काईच नव्हतं, सर."

पुढं अकोल्याला दुसऱ्या एका कंपनीची मुलाखत होती. तीही तिनं दिली. संध्याकाळी स्टँडवरून तिचा फोन आला. नोकरी लागली होती, लग्न पुढं ढकललं जाणार होतं. माझा जीव भांड्यात पडला. कशी झाली मुलाखत, म्हणून मी विचारलं.

"चांगली झाली, सर. तिथले सायेब खोकून खोकून बेजार झाले होते. मायाजवळ बॅगीत पाण्याची बाटली होती. मी नाई देल्ली. बरं केलं ना, सर?"

मी हो म्हणालो. मला हो म्हणावं लागलं, याचा संताप अजून जात नाही.