रेघेमागचं गाव

नागपूरला गाडी सकाळी पोचली आणि मला सडकून भूक लागली होती. इंग्लंडातल्या विद्यापीठातून मी इतक्या लांब आले ती एका सरकारी कपाटातली माहिती वाचायला, हे स्टेशनबाहेरच्या पोहेवाल्याला सांगून पटलं नसतं. पोह्यांवर तर्री (चण्याचा झणझणीत रस्सा) ओतता ओतता त्याने विचारलं, "पुण्याच्या दिसता मॅडम. कमी टाकू का?" प्रश्न झोंबला, म्हणून मी मुद्दाम जास्त घेतली. मग तीही झोंबली.

नागपूरभोवतीच्या खेड्यांत सिकलसेल या रक्ताच्या आजाराची घरोघर पाहणी झाली होती. त्यावरून आमचे प्राध्यापक इंग्लंडात नकाशा करणार होते, आणि ज्या गावांत आजार दिसेल तिथे एका परदेशी संस्थेचा फिरता दवाखाना जाणार होता. पण लोकांची उत्तरं देशाबाहेर न्यायला बंदी होती. मी इथे येऊन ती वाचायची, त्यांचे तक्ते करायचे आणि अधिकारी तपासून देतील तेवढेच न्यायचे, असं ठरलं होतं.

कचेरीत पिशवी दाराशीच ठेवावी लागली. मेश्रामसाहेब हे तिथले अधिकारी, धिप्पाड आणि सावकाश बोलणारे. त्यांनी मला शपथ घ्यायला लावली. "मॅडम, इथं जे पाहाल ते इथंच सोडून जायचं. परदेशात तर बिलकुल नाही."

मी तक्ते करत होते आणि ते तपासत होते. एखाद्या गावात आजारी माणसांची घरं अगदी मोजकी असली की ते पट्टी ठेवून आकड्यावर लाल रेघ मारत. मला मिळणाऱ्या नकलेत तिथे नुसती आडवी रेघ येई.

"हे का खोडता?" मी चिडूनच विचारलं.

"लहानसं गाव असते. आकडा पाहून लोक बोटं दाखवतात, अमक्याचं घर, तमक्याचं घर. मंग त्या घरच्या पोरी कोण करून नेईन?"

"मग शेजारच्या गावांच्या आकड्यात मिळवून द्या."

"तालुक्याचा आकडा घ्या ना. गावाचा नाही भेटणार."

संध्याकाळी धंतोलीत सिकलसेलवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरांना भेटायला गेले. दवाखान्याच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या. मुलगी गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होती आणि आई ते चोळत होती. मला जागा करून देत आईने विचारलं, "तू डॉक्टरीण हायेस का वं बाई?"

"नाही ताई. इंग्लंडात असते. या आजाराचा अभ्यास करतो आम्ही."

तिचा चेहरा उजळला. "मंग माह्या सिंधूचं पोचलं असन तुमच्याकडं! घरी साहेब आला होता, समदं पुसून गेला. म्हणे यावरून गावात दवाखाना येईन. इथवर आणता आणता पोरगी अर्धी होते. मी वाटच पाहून राहिली."

तिने गावाचं नाव सांगितलं. सकाळीच त्या नावापुढे लाल रेघ पडली होती, आणि तेवढंही तिला सांगायची मला मुभा नव्हती. "काम चालू आहे," मी म्हणाले. माझ्याच तोंडून सरकारी उत्तर ऐकून मला रडू आलं. उठताना तिने शिदोरीतली जवसाची चटणी कागदात बांधून हातात दिली. "तिकडच्या डॉक्टरले दे. म्हणा, सिंधूच्या मायनं देल्ली."

दुसऱ्या दिवशी, गाव न सांगता, मी मेश्रामसाहेबांना विचारलं, "एखादी आई स्वतःच म्हणाली, आमचं कळू द्या, तर?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "तिनं तिचं सांगितलं. पण त्याच गावात दुसरी माय आहे ना? तिनं आमच्या भरवशावर तोंड उघडलं. एकीचं दार खोललं का दुसरीचं आपोआप खुलते." मग म्हणाले, "मले का वाईट नाही वाटत, मॅडम?"

एरवी मी वादात हार जात नाही. त्या दिवशी मात्र तक्ते गोळा करायला घेतले.

परतताना विमानतळावर कस्टमवाल्याने चटणीची पुडी उघडली, हुंगली आणि जाऊ दिली.

इंग्लंडात आमच्या विभागातल्या मुलीने तक्ते यंत्रात भरताना प्रत्येक रेघेच्या जागी शून्य भरलं. नकाशा आला तेव्हा सिंधूचं गाव पांढरंशुभ्र, निरोगी! "ते शून्य नाही," मी जवळजवळ ओरडले, "तिथे झाकलंय."

प्राध्यापकांनी चष्मा काढला. "मग तिथे किती घरं आहेत?"

"सांगता येणार नाही."

त्यांनी मान डोलावली. नियम त्यांनाही ठाऊक होता. शून्यं काढून तिथे 'माहिती नाही' असं छापलं गेलं, आणि फिरता दवाखाना आकडे असलेल्या गावांना गेला. मेश्रामसाहेब चुकले असं मला आजही म्हणता येत नाही. पण ज्या रेघेने त्या मुलींची लग्नं सांभाळली, तिनेच सिंधूचा दवाखाना अडवला, आणि ते दुःख माझ्याने गिळवत नाही.

चटणी मी प्राध्यापकांना दिली. त्यांनी बोटाने चाखली, डोळ्यांत पाणी आलं, तरी पुन्हा घेतली. "कोणी दिली?"

सिंधूच्या आईने आपलं नाव सांगायला बजावलं होतं. पण नावामागून गावाचा प्रश्न आलाच असता.

"नागपूरच्या एका बाईंनी," मी म्हणाले.