मेहरूण शोधलं, मरून आलं!

लोकांनी इंटरनेटवर काय काय टाकलंय ते हुडकणं हेच काम असलं, की किस्से हुडकावे लागत नाहीत. ते आपणहून टेबलावर येऊन बसतात! धुळ्यात आमची बातम्यांची छोटी वेबसाइट. संपादक नाना, वैशाली आणि मी. धुळे-जळगावात कुणीही व्हिडिओ टाकला, की तो सगळ्यांच्या आधी आपल्याला सापडला पाहिजे, हा नानांचा हट्ट.

सुरुवातीला एक सेल्समन महागडं सर्च सॉफ्टवेअर घेऊन आला. "सर, कुठलंही नाव टाका!"

नानांनी जळगावच्या तलावाचं नाव टाकलं, 'मेहरूण'. तलाव राहिला बाजूला, स्क्रीनभर मरून रंगाच्या साड्या!

नाना म्हणाले, "छान आहेत. पण मला तलाव बघायचाय, नेसायचा नाहीये!"

एकदा गारपीट झाली. मी 'गारपीट' शोधलं, तर सगळ्या जुन्या बातम्या.

वैशाली म्हणाली, "स्वतःच्या शेतात उभा असलेला माणूस असं पुस्तकी कशाला लिहील?" तिनं फुकटच्या सर्चमध्ये अहिराणीत टाकलं, 'बठ्ठं गयं', म्हणजे सगळं गेलं, आणि फक्त आजचे व्हिडिओ मागितले. ढीग आला! दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला निघालेल्या साहेबांनी आमच्याकडेच लिंक मागितल्या. नाना दिवसभर मिशीवरून हात फिरवत होते.

मग पहूरचा बिबट्या. फोटो व्हायरल, लोक दारं लावून बसलेले. मी इमेज सर्च केला, तर तो फोटो भलत्याच राज्यातला आणि जुना. लगेच बातमी टाकली, 'हा बिबट्या पहूरचा नाही!'

पहूरहून एका आबांचा फोन. "मग पहूरचा कुठं आहे?"

पण सोनगीरच्या आक्कांची गोष्ट वेगळीच.

त्यांचा मुलगा प्रकाशभाऊ रडवेला होऊन आला. आक्का सत्तरीच्या, फोन वापरत नाहीत. भाचीच्या लग्नाला निघाल्या आणि हायवेवर दुसऱ्याच वऱ्हाडाच्या बसमध्ये चढल्या. बस मध्य प्रदेशातल्या सेंधव्याकडे गेली, एवढंच एकानं पाहिलेलं. पोलिसांना कळवून झालं होतं.

मी आक्कांचा फोटो इमेज सर्चला टाकला. काही नाही. 'सोनगीर लग्न' शोधलं. काही नाही.

"लग्न आजचं आहे, फोटो सर्चमध्ये इतक्यात येणार नाही," वैशाली म्हणाली. "आणि सेंधव्यात लोक हिंदीत लिहितात." तिनं थेट रील्सच्या ॲपमध्ये टाकलं, 'बारात सेंधवा', नवे आधी. एकेक वरात सरकू लागली.

"थांबा!" प्रकाशभाऊ ओरडले.

बँडच्या पुढं, दोन्ही हात वर करून, आक्का नाचत होत्या! खाली लिहिलेलं, 'बुआजी का डान्स'.

रील टाकणाऱ्या पोराला मेसेज करून नंबर दिला. त्याचा लगेच फोन. "अरे! हम तो समझे, लड़केवालों की बुआजी हैं!"

नानांनी टाळ्या वाजवून ऑफिस डोक्यावर घेतलं. पोरानं फोन आक्कांकडे दिला. प्रकाशभाऊ न्यायला निघायच्या तयारीत उठूनच बोलले. "माय, बरी शे ना? मी तुले लेवाले येस!"

पलीकडून आक्कांचा खणखणीत आवाज आला, "ये. पन सावकाश ये. आते पंगत बसनी शे!"