मुखवट्याचं अंग

नव्वदच्या दशकात मी मँचेस्टरमधल्या एका म्युझियममध्ये जुन्या वस्तूंची डागडुजी करत असे. तिथे पापुआ न्यू गिनीतल्या इआत्मुल लोकांचा नाचाचा एक मुखवटा होता. लाकडी, लांबच लांब नाकाचा, कवड्या जडवलेला. तो भिंतीवर टांगलेला पाहिला की माझं डोकं फिरायचं. त्याच्या कडेला बारीक भोकं होती; म्हणजे तो कशाला तरी बांधायचा होता. गौरीचा मुखवटा कोणी खुंटीला अडकवून ठेवतं का? स्टँड हवा, साडी हवी, तेव्हा ती गौर होते.

मी जुने फोटो धुंडाळले. नाचणारा वेताच्या उंच, निमुळत्या सांगाड्यात शिरतो आणि मुखवटा त्या सांगाड्याला बांधतात. तसा सांगाडा मी विणते म्हणाले. माझा बॉस मुखवट्याला स्वतः हात लावत नसे आणि दुसऱ्याला लावू देत नसे. एक इआत्मुल कारागीर लवकरच भेटीला येणार होता. त्याने नापसंत केलं तर मुखवटा कायमचा भिंतीवर, या अटीवर बॉस कसाबसा कबूल झाला.

मी गराजमध्ये वेत भिजत घातला. हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून आलेला माझा डॉक्टर नवरा म्हणाला, "घरच्या गौरी कमी पडल्या म्हणून आता म्युझियममध्ये पण बसवतेयस का?"

पाहुणा आला. वयस्क, अबोल. सांगाड्याभोवती फिरून त्याने नकारार्थी मान हलवली. मी मुखवटा थेट टोकावर बसवला होता, गौरीसारखा! तो खाली, पुढच्या अंगाला हवा होता. बॉस खुशीत दिसला.

मग पाहुण्याने वेत दाबून पाहिला, आत डोकावला आणि कोणी विणलं ते विचारलं. मी, म्हणाले.

"मग आता तुम्ही बाहेर जा," तो म्हणाला. "आत कोण शिरतो ते बायकांनी बघायचं नसतं."

एरवी मी तिथेच भांडले असते. पण सांगाडा टाकाऊ असता तर मला बाहेर कशाला काढलं असतं? मी रिसेप्शनवरच्या बाईसोबत बाहेर जाऊन उभी राहिले. आत पाहुणा सांगेल तशा गाठी बॉस मारत होता, स्वतःच्या हातांनी, कुरकुरत.

दार उघडलं. वेत करकरला, कवड्या चमकल्या आणि ते लांब नाक डोलत डोलत कॉरिडॉरमध्ये आलं. खाली दोन अनवाणी पावलं ठेका धरून नाचत होती. आनंदाने मला रडूच फुटलं.

रिसेप्शनवरच्या बाईने हळूच विचारलं, आत तो पाहुणाच आहे ना?

"छे," मी म्हटलं. "भिंतीवरचा उतरून आलाय."