पाच नंबरचा शर्ट

बायको माझ्या गुडघ्याला बाम चोळते, तेव्हा त्या वासाने मी पुन्हा कपड्यांच्या खोलीत जाऊन उभा राहतो. दोह्यातल्या एका फुटबॉल क्लबात मी खेळाडूंचे कपडे धुवायचो. बचाव फळीत एक उंच इंग्रज होता, पाच नंबरचा. डॉक्टर म्हणाले, गुडघा खलास. मायदेशी निघताना तो मला म्हणाला, "माय फ्रेंड, उद्या सरावाला माझा शर्ट टांगशील?"

मी आपलं समजूत घालायला म्हटलं, "इन्शाल्ला."

आणि टांगला. माझ्या जोडीचा रायगडचा उस्मानभाई हसला, "अरे येड्या, तो तिकडे घरी चहा पीत असेल!"

सराव संपल्यावर पाहिलं, तर शर्ट खुंटीवरच होता. पण घामाने चिंब, खांद्याला ओलं गवत, आणि बामाचा वास.

मी इतका शूर, की टोपली टाकून पळालो. दुसऱ्या दिवशी शर्ट टांगलाच नाही.

ही गोष्ट सांगताना मी पळालो तिथे आलो, की माझी मुलं अजून हसतात. मीही हसतो. पण आता माझाच गुडघा जिना चढू देत नाही, तेव्हा वाटतं, अजून एक दिवस त्याला खेळू दिलं असतं, तर माझं काय जात होतं?